काळी-पांढरी

परभणीत, वसमत रोडला, कुरिअरच्या दुकानावरच्या मजल्यावर
आम्ही सहाजणी गावं उजळत बसतो.

मुदस्सिर ड्रोन उडवून येतो,
टेबलावर कार्ड ठेवतो, कार्डाशेजारी चार कैऱ्या.
म्हणतो, कोळगव्हाण आहे. अर्धं सकाळी आठला उडवलं,
मग वावटळ उठली, मग बॅटरी बसली,
राहिलेलं साडेबाराला.

म्हणजे गाव एक, वेळा दोन.
वरच्या आळीत सावल्या पश्चिमेला पाय पसरून बसलेल्या,
खालच्या आळीत घरांनी त्या पायाखाली ओढून घेतलेल्या.
मधून शिवण जाते, उसवलेल्या गोधडीसारखी,
आणि साहेबांना शिवण दिसायला नको.

जुनी माणसं शेताला काळी म्हणतात, गावाला पांढरी.
संगणकालाही एवढंच कळतं.
आलेखाच्या डाव्या टोकाला नांगरून टाकलेली काळी,
इतकी काळी की तासं दिसत नाहीत.
उजव्या टोकाला पत्रे, सिमेंटच्या गच्च्या,
मारुतीच्या देवळाचा नवा चुना,
सगळं उडालेलं, नुसता कोरा कागद.
मधे थोडीशी माती, जिच्यात माणसं राहतात.
काळी उचलली की पांढरी जळते.
पांढरी आवरली की काळी गिळते.
मी माऊसचं चाक केसभर फिरवते,
भाजीत मीठ टाकावं तसं. आधी कमीच.

एक्क्याण्णव नंबरच्या माळवदावर
सकाळच्या फोटोत कुरडया घालणारी बाई आहे,
वाकलेली, पदर आणि पाठ, मिळून बारा-पंधरा ठिपके.
दुपारच्या फोटोत तेच माळवद. कुरडया वाळतायत,
बाई नाही.
शिवण नेमकी तिच्यावरून जात होती.
मी ती दोन हात सरकवली, बाई ठेवली.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग ब्याण्णव, मुंजाजी ढवारे.
त्र्याण्णव, गयाबाई ढवारे, त्याची भावजय.
दोन घरांच्या मधे काळं,
दौत लवंडल्यासारखं.
मुंजाजीचं म्हणणं, मधे भिंत आहे, सामायिक, बापाच्या काळची.
गयाबाईचं म्हणणं, कसली भिंत? बोळ हाय तिथं.
लगीन होऊन आले तवापासून
घागर घेऊन त्याच बोळातून जाते मी.
सरपंच म्हणाले, फोटोत दिसतं ते लिहा.

फोटोत काय दिसतं ते माझ्या बोटावर.
आहे तसं ठेवलं तर भिंत.
सावली उचलली, पाच, आठ, अकरा,
तर काळ्यातून करडं येतं, करड्यातून एक कड,
मग दगडी पायरी, पालथी बादली,
मग काहीतरी लांबट, दोरी असेल, पाइप असेल.
पंधराच्या पुढे मात्र नुसते रवे फुटतात,
हिरवे, जांभळे, कुणाच्याच घरचे नसलेले.

मी अकरावर थांबले.
प्रणिता घुगे शेजारून म्हणाली, अगं,
अख्ख्या गावाला एकच सेटिंग लागतं.
एका बोळासाठी अकरावर नेलंस तर वरची आळी धुरकट होईल.
झालीच.
एप्रिलात, कोळगव्हाणात, देवळावर धुकं.

नाईकवाडे साहेबांनी चष्मा कपाळावर सारून बघितलं.
फिकं वाटतंय, म्हणाले. छापल्यावर बघू.
पुढचं गाव घ्या.

सुटताना जिन्यात मुदस्सिर भेटला.
त्याला म्हटलं, ब्याण्णव-त्र्याण्णवच्या मधे काय आहे रे?
बोळ, म्हणाला. त्या बाईनं तिथंच पाणी पाजलं मला,
बाहेर पाय पोळत होते, आत गार होतं.
मग बोलला का नाहीस?
मी उडवणारा, म्हणाला, मला कोण विचारतंय.

खाली रस्त्यावर अजून ऊन होतं.
एक कैरी पर्समध्ये राहिली होती, तिचा चीक
कार्डाच्या पाकिटाला लागलेला.